प्रिंटरच्या घाईत माझा अंगठा गेला

मंडळी, आज पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी तासगावच्या सेवा केंद्रात गेलो होतो. मुदत उद्या संपते, म्हणून जिवाला घोर.

तिथल्या ताईंच्या कॉम्प्युटरला वायर लावायची एकच जागा चालते. तिथंच प्रिंटर, तिथंच अंगठ्याचं मशीन. डेपोत टायर खोलून माझा अंगठा झिजलाय. पाचव्यांदा कसाबसा उमटला.

तेवढ्यात मागचे आण्णा ओरडले, "आवं ताई, माझा उतारा अर्धाच छापलाय की!"

ताईंनी घाईत मशीनची वायर काढून प्रिंटरची घातली. दाखला पुरा व्हायच्या आतच माझं सगळं गेलं! परत अंगठा उमटेना.

"आजोबा, तेल चोळून उद्या या."

"आणि उद्याबी न्हाई उमटला तर?"

एका जागेत चार वायरी लावायचा डबा मिळतो म्हणे. कुठं, ते आजच सांगा. मीच नेऊन देतो, नाहीतर परवापासून मी कागदोपत्री मेलेलो.