धोंडूला आणायला गेलते तेव्हा

ऐकायचंच हाय ना तुमाला? मग चहाची बशी आधी खाली ठिवा. न्हाईतर हसता हसता लुगड्यावर सांडून घ्याल आन पुन्हा म्हणाल, गंगूबाईमुळं डाग पडला. माझी फजिती झाली म्हणून सारं बीड सांगत सुटलंय. लई रंगवून सांगतेत मेले! पण मी आजबी म्हणते, माझ्या जागी तुमी असता तर तुमीबी तेच केलं असतं. तुमच्याच्यानं जमलं नसतं, एवढंच.

तवा मी तलवाड्याहून बीडला आलते. भावजय बाळंत झालती आन घरात करणारं कुणी न्हाई. भाऊ बैलांची दलाली करायचा, तो वडवणीच्या बाजाराला गेलता. आता खरं सांगू का? त्या भावाचं आन माझं दोन वरसं बोलणं नव्हतं. कावून? एका गाईवरून. त्यानं दिलेली गाय आटलेली निघाली, मी तसं त्याच्या तोंडावर म्हणलं. भावाला न्हाई म्हणायचं तर काय वाटंनं जाणाऱ्याला म्हणायचं? पण निरोप आला तशी गाडीत बसले. भांडण भांडणाच्या जागी, माणूस माणसाच्या जागी.

भावाची तीन लेकरं पाठोपाठ गेलती. चौथा झाला तवा त्याचं नाव धोंडू ठिवलं. दगडधोंडा कुणाला पायजे? सटवीनं बगावं आन म्हणावं, हे टाकाऊ हाय, ऱ्हाऊ द्या. त्याचं नाक टोचलं, केस राखले, परकर-पोलकं घातलं. म्हणजे मरणाला वाटावं, पोरगी हाय. आन पोरीला तर मरणबी लवकर इचारीत न्हाई, हे काय तुमाला सांगायला पायजे? दोन वरसांमागं मी त्याला शेवटचं बगितलं तवा तो असाच होता. दोन वेण्या, नाकात मोती, आन परकराचा काचा मारून चिंचेवर चढलेला.

तर मी आले त्याच दिवशी दुपारी, धोंडूचं तोंडबी आजून बगितलं न्हवतं, तवर शेजारीण आली आन दारातच कपाळावर हात मारून उभी. "गंगूबाई, ऐकलं का? पोरं पळवणारी टोळी आलीय म्हणं! लेकरांच्या कानातलं, हातातलं काढून घेतेत आन लेकरू टाकून देतेत कुठंबी."

आमचा धोंडू मदरशात, निजामाच्या राज्यात शाळेला मदरसाच म्हणायचे. नाकात मोती, हातात चांदीचं कडं. भाऊ वडवणीला. आन काही झालं तर मी त्याला काय तोंड दाखवू? तीन गेल्यावर ऱ्हायलेलं एवढं एक पोर! मी हातातली परात तशीच टाकली आन पदर खोचला.

बाळंतिणीच्या खोलीतून भावजय ओरडली, "वन्सं, थांबा! धोंडू आता..."

"काय थांबू? तू पडून ऱ्हा."

"अवं, ऐका तरी! त्याचं..."

"माझ्या भावाचं पोर मला वळखू येत न्हाई व्हय? हजारातून काढीन!"

आन निघाले. वाटंत रेवड्या घेतल्या तेवढ्याच. आत्या हाय, मोकळ्या हातानं कशी जाईन?

मदरसा सुटतच होता. पोरांची ही गर्दी! आन त्या गर्दीत मी काय बगते? एक दांडगा मिशाळ माणूस, खांद्यावर बांगड्यांच्या माळा, एका लेकराचं मनगट धरून ओढत न्हेतोय. लेकरू गळा काढून रडतंय. लेकराच्या दोन वेण्या, नाकात मोती, अंगात परकर!

तुमीच सांगा, मी काय करायला पायजे होतं? हळदीकुंकू?

"ए! सोड लेकराला!" मी अशी ओरडले की चिंचेवरचे कावळे उडाले.

तो दचकला. "अवं बाई, माझंच लेकरू हाय."

"तुझं? मग नाव सांग त्याचं!"

"धोंडू."

बगा! नावबी माहीत करून घेतलंय मुडद्यानं! केवढी तयारी! माझी खात्रीच पटली. मी लेकरापुढं बसले आन म्हणलं, "धोंड्या, राजा, वळखलंस का मला? घरी येतोस ना?" लेकरानं माझ्याकडं बगितलं, मग माझ्या हातातल्या रेवडीकडं बगितलं, आन जोरात मान हालवली. आजून काय पुरावा पायजे?

मी त्या माणसाच्या फेट्याला हात घातला. एक हिसका दिला तसा अर्धा फेटा माझ्या हातात. तो फेटा धरायला वाकला, तशा खांद्यावरच्या माळा खाली. खळ्ळकन! सगळ्या वाटंत हिरव्या-पिवळ्या काचा. तो काचांकडं बगतोय तवर मी त्याचे दोन्ही हात त्याच्याच फेट्यानं बांधले. बैल बांधायची गाठ मारली. दलालाची बहीण हाय मी!

मदरशातून म्हातारे मौलवीसाहेब धावत आले. एका पायात जोडा, एक पाय मोकळा. "अगे बाई, सुनो तो! ज़रा सुनो तो!"

"तुमी गप बसा मौलवीसाहेब. तुमच्या डोळ्यादेखत पोरं पळवतेत, आन तुमी अलिफ-बे शिकवीत बसा!"

तेवढ्यात कुणीतरी माझं लुगडं ओढलं. बगते तर एक टोपीवालं पोरगं. सदरा, टोपी, डोक्याचा गोटा. म्हणतंय, "आत्या, मी हितं हाय. मी धोंडू."

"व्हय का? आन मी निजामाची बेगम!"

"न्हाई आत्या, खरंच मी..."

मला माहीत हाय ना ही चाल! टोळीत असली एक-दोन पोरं ठिवतेतच, गोंधळ घालायला. आपण त्याच्याशी बोलत बसायचं आन तवर दुसरा पसार. मी रस्त्यावरचं ढेकूळ उचललं आन त्याच्या पायाशी आपटलं. "हट! पुन्हा मागं आलास तर तंगडं मोडीन!"

पोरगं खाली मान घालून निघून गेलं. बायांनो, हे ध्यानात ठिवा. मी हाकलला त्याला. ढेकूळ मारून हाकलला.

मग आमची वरात निघाली चौकीकडं. म्होरं मी, माझ्या कडेवर परकरातला धोंडू रेवड्या चावतोय, मागं फेट्यानं बांधलेला चोर, त्याच्या मागं लंगडत मौलवीसाहेब, आन त्यांच्या मागं सारी गल्ली. एक बाई दारातून ओरडली, "अगं बया, हा तर मारुती कासार! परवा मला बांगड्या भरून गेला. लई गरीब हाय गं तो!"

"हात धरायची सवय हायच त्याला," मी म्हणलं. "परवा तुझा धरला, आज लेकराचा!"

ती बाई जी आत गेली ती पुन्हा दिसली न्हाई.

चौकीत अमीनसाहेब खुर्चीत बसून पान खात होते. मोठा माणूस, ठाण्याचा मुख्य. त्यांनी आमच्याकडं बगितलं आन पान तोंडातच ऱ्हायलं.

"इसके हात किसने बांधे?"

"मी."

"काहे से?"

"त्याच्याच फेट्यानं."

अमीनसाहेबानं गाठ ओढून बगितली. सुटंना. मग आपल्या जवानांकडं बगून म्हणाले, "देखो, सीखो कुछ!" जवानांनी खाली माना घातल्या. मी ताठ उभी. का न्हाई ऱ्हाणार?

कासार रडायलाच लागला. "सायब, माझ्या समद्या बांगड्या बाईनं वाढवल्या." आता बगा, बांगडी फुटली म्हणायचं नसतं, अशुभ असतं, वाढवली म्हणायचं. माणूस एवढा रडत होता, पण शब्द चुकला न्हाई. त्याच येळी मला शंका यायला पायजे होती, असं लोक म्हणतेत. मला न्हाई आली. मी म्हणलं, पक्का सराईत हाय, सोंग किती बेतशीर वठवतोय!

तवर बाहेर आरडाओरडा झाला आन एक बाई केस सुटलेली, धापा टाकत आत आली. माझ्या कडेवरचा धोंडू तिला बगून किंचाळला, "माय!" आन अशी उडी मारली की माझ्या कमरेत लचक भरली. ती आजबी पावसाळ्यात दुखते. त्यानं रेवडीचं चिकट तोंड त्या बाईच्या पदराला पुसलं. ती त्याच्या नाकातला मोती, हातातलं कडं चाचपून बगायली, आन माझ्याकडं असं बगायली, काय सांगू! मी म्हणजे कोण, जशी लेकरं खाणारी!

मौलवीसाहेबांना तवा कुठं बोलायला वाव मिळाला. कपाळ पुसून म्हणाले, "बाई, मदरसे में तीन धोंडू हैं. एक तुमारा, एक कासार का, एक तेली का. जिसके बच्चे नहीं जीते, वो धोंडूच नाम रखता. मैं वहीच पूछ रहा था, कौनसा होना?"

"दोन वेण्यांचा! नाकात मोती असलेला!"

"वो तो कासार का. तुमारे धोंडू के बाल चैत में निकाले ना, अंब्याच्या देवी पे! मोती बी निकाला. अब टोपी पैनता. वो बेचारा तुमारे पीछे-पीछे आ रहा था..."

जावळ झालतं! माझ्या भाच्याचं जावळ झालतं, आन एका आटलेल्या गाईपायी मला बोलावणं न्हवतं! भावजय तेच सांगत होती. "वन्सं, ऐका तरी, त्याचं..."

पण राग यायला सवड कुठली? टोपीवाला! ढेकूळ मारून हाकललेला! टोळी गावात, लेकराच्या हातात चांदीचं कडं, आन त्याला एकट्याला वाटंवर सोडणारी कोण? मी! त्याची सख्खी आत्या! खोटं न्हाई बोलत, मी तितंच खाली बसले आन हंबरडा फोडला. आयुष्यात एवढी भ्याले न्हवते.

कासाराचे हात तवर कुणीतरी सोडले होते. तोच म्हणाला, "रडू नका बाई. मी बगतो लेकराला." बगा आता! मी ज्याला बांधून आणला तोच निघाला माझं लेकरू शोधायला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण म्हणून गप बसले का? न्हाई. मी अमीनसाहेबावर ओरडले, "आन तुमी काय पान चावीत बसलात? धाडा की माणसं! गावात एवढा बोभाटा हाय टोळीचा, आन साहेब चुना मागतेत!"

अमीनसाहेब उठून उभे ऱ्हायले. हुकमाची वाट न बगता जवान पळाले. मी उंबऱ्याशी उभी. अंब्याच्या देवीला सांगितलं, माय, पोरगं सुखरूप दे, भावाला दुभती गाय म्या देते. मनातल्या मनात त्या गाईचं भांडण मिटवलं मी. तुमीच ठरवा, केवढी भ्याले असंल.

आन बगते तर काय! रस्त्यानं टोपीवालं पोरगं येतंय. एकटं. हात हालवीत. अंगावर ओरखडा न्हाई, कडं जागच्या जागी. कासार त्याच्या मागं मागं.

मी धावत जाऊन त्याला आवळलं. "कुठं गेलतास रे मुडद्या? माझा जीव गेलता की हितं!"

"घरी गेलतो," धोंडू म्हणाला. "मायला सांगितलं, आत्यानं दुसरंच पोरगं न्हेलं. माय म्हणाली, भाकर खा आन तिला घेऊन ये."

"आन तू भाकर खाऊन आलास?"

"दोन खाल्ल्या. ताक होतं."

मी हितं मरतेय आन हा ताक पितोय! पण कान धरायची हिंमत झाली न्हाई. सगळे बगत होते.

कासार भला माणूस. तक्रार न्हाई म्हणाला. त्याच्या बायकोनं मात्र लेकरू पदराआड घेतलं ते माझ्याकडं पाठ करूनच गेली. मी म्हणलं, "चला, झालं गेलं, मी निघते." तर अमीनसाहेब म्हणाले, "ऐसे कैसा? औरत कू चौकी से सोडायचं तर घरच्या मरदाच्या हवाली करावं लागतं. घर में मरद कौन है?"

"भाऊ वडवणीला."

"और?"

और कोण? मी खाली बगितलं. साहेबानंबी खाली बगितलं. धोंडूनं टोपी सारखी केली.

अमीनसाहेब मिशीतल्या मिशीत हसले. त्याला म्होरं घेतलं आन मोठ्या आवाजात इचारलं, "क्यों धोंडोबा, ये बाई को पैचानते?"

"पैचानतो. आत्या हाय."

"ले जाते घर कू?"

धोंडूनं माझ्याकडं बगितलं. पायापासून डोक्यापर्यंत बगितलं. मग साहेबाच्या जवळ सरकला आन हळूच म्हणाला, म्हणजे त्याला वाटलं हळू, पण सगळ्या चौकीला ऐकू गेलं, "सायब, माय बाळंतीण हाय. तिला झोप लागत न्हाई. आजच्या दिस तुमीच ठिवून घ्या की हिला."

अमीनसाहेबानं, अख्ख्या बीडचे चोर ज्याला भ्यायचे त्या माणसानं, त्या एवढ्याशा पोरापुढं दोन्ही हात जोडले.

"नक्को रे बाबा! तेरे पाँव पडतूं. तू ले जा इसकू!"

हसा, हसा! पण निजामाच्या राज्यात आजवर दरोडेखोर ठिवून घेतले, खुनी ठिवून घेतले. पोलिसानं हात जोडून परत केलेली बाई मी एकटीच!