चौतीस नंबरची झोप

सकाळी सातला मी अकरावीची हजेरी घेते. चौतीस नंबर पुकारला की केतकीला शेजारची मैत्रीण कोपर मारते. केतकी डोळे न उघडता "येस मॅडम" म्हणते आणि पुन्हा बाकावर डोकं टेकते. मी तिची हजेरी लावते. आज मात्र चिडून उभं केलं, तर ती भिंतीला टेकून उभ्याउभ्याच झोपली. वर्ग हसला. मीही हसले.

"रात्री लवकर झोपत जा."

"दहालाच पडते, मॅडम. एक वाजेपर्यंत झोपच येत नाही. मोबाइलसुद्धा आईकडे असतो."

माझा विश्वास बसला नाही. या वयाच्या पोरीने भूक लागत नाही म्हटलं तर आपण तिला डॉक्टरकडे नेतो; झोप येत नाही म्हटलं की तिच्या आईबापांचे संस्कार काढतो.

अकराच्या प्रॅक्टिकलला हीच केतकी लख्ख डोळ्यांनी अख्ख्या गटाच्या चुका दुरुस्त करत होती. ते मी पाहिलं. तरीही दुपारच्या बैठकीत, निकाल घसरला म्हणून सकाळी साडेसहाचा जादा तास ठरला, तेव्हा मीही संमतीचा हात वर केला.

मग स्टाफरूममध्ये खुर्चीतच माझा डोळा लागला. जाग आली ती दाराबाहेरच्या कुजबुजीने. शिपाईमामा कुणाला तरी अडवत होते, "थांब गं, मॅडम आत्ताच झोपल्यात."

"झोपू द्या त्यांना, मामा," केतकीचा आवाज आला. "जर्नलवर सहीच हवीय. मी राहते उभी."