आचऱ्याचा दाब

अरबी समुद्रात वादळ तयार होऊ लागलं तेव्हा माझे यजमान गेल्याचं सुतक अजून फिटलं नव्हतं. त्यांच्या हवामानवेड्या मित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप गट होता. जो तो आपापल्या गावचा हवेचा दाब कळवायचा; आमच्या आचऱ्याचा हे कळवायचे. त्यांचा फोन आता माझ्याकडे होता. देवगडच्या एकाने विचारलं, "आता आचऱ्याचो दाब कोण सांगतलो?"

दिराची होडी किनाऱ्यावर होती. ती माडांत ओढायला माणसं लागणार होती, आणि सुतकात शेजाऱ्यांना हाक कशी मारायची म्हणून तो थांबला होता. मी पडवीतल्या दाबमापकाच्या काचेवर, हे मारायचे तशी, हलकी टिचकी मारली. काटा खाली सरकला. आकडा गटावर कळवला. दुपारी पाहिलं तर काटा आणखी उतरला होता. दाब उतरला की वादळ जवळ आलं, असं हे म्हणायचे.

"होडी वर घे," मी दिराला म्हटलं. "सुतक आपणाक, वाऱ्याक नाय."

"वयनी, तू पण दादासारख्या बोलूक लागलंस," म्हणत तो शेजाऱ्यांकडे गेला.

वादळ दुरूनच उत्तरेला गेलं, पण होडी माडांत ओढून झाल्यावर उधाणाने तिची किनाऱ्यावरची जागा धुऊन नेली. सुतकाच्या घरचा चहा कोणी घेत नाही, म्हणून शेजारीच आपली किटली घेऊन आले. होडीच्या आडोशाला बसून आम्ही सगळे चहा प्यायलो.