गोल शिक्क्याचा कागद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. दोनतीनदा सांगायला बसले — आणि दरवेळी भलतंच काहीतरी सांगून उठले. आजही तसंच होईल का? बघू या. तुम्ही फक्त ऐका.

मी वर्ध्याच्या एका संस्थेत होते. समुद्रपूर तालुक्यातली सातआठ गावं माझ्याकडे. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. शेजारच्या जंगलपट्ट्यात तेव्हा नक्षलवादी आणि पोलीस, दोन्ही बाजूंनी बंदुका चालत होत्या आणि संस्थेला तिकडे काम सुरू करायचं होतं. ज्याला तिकडे जायचं त्याने आधी एक ऑनलाइन प्रशिक्षण पुरं करायचं — संघर्षाच्या भागात काम करणाऱ्यांनी भांडणं कशी मिटवावीत, याचं. ऑनलाइन म्हणजे काय हेच आम्हाला धड माहीत नव्हतं. ऑफिसात एकच कॉम्प्युटर, त्यावर साहेब बसलेले. मग मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत, मांडीवर डिक्शनरी घेऊन.

आमच्या त्या न दिसणाऱ्या वर्गात नेपाळचे लोक होते, श्रीलंकेचे होते, आफ्रिकेतले होते. ते सुरुंगांबद्दल लिहायचे, छावण्यांबद्दल लिहायचे. आणि मी? मी लिहायचे बैलबंडीच्या वाटेबद्दल. मला लाज वाटायची. त्या लोकांत मला उठून दिसायचं होतं — फार दिसायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

शेवटचा स्वाध्याय असा होता : तुम्ही स्वतः मध्यस्थी केलेलं एक खरं भांडण लिहा. सोबत दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात — आमची गोष्ट लिहायला हरकत नाही, एवढ्यापुरत्या.

माझं भांडण होतं कौशल्याबाईंचं आणि त्यांचे चुलत दीर गंगाधरजी यांचं. बाईंचं शेत आत, नाल्याकडे. बंडी न्यायची तर गंगाधरजींच्या धुऱ्यावरून — बांधावरूनच वाट. एका लग्नात मानपानावरून दोन घरांत बोलाचाली झाली आणि गंगाधरजींनी त्या वाटेवर काट्या टाकल्या. बाईंचा नवरा देवळीला जिनिंगमध्ये कामाला, शेत त्या एकट्याच बघायच्या. कापूस फुटायला लागला होता. वेचलेला कापूस बाहेर काढायचा कसा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पण शेत पडीक राहण्याइतका मोठा.

मी दोघांशी वेगवेगळं बोलले होते. समोरासमोर एकदाही बसवलं नव्हतं — गंगाधरजींच्या आवाजाची मला भीती वाटायची. स्वाध्यायात मात्र मी लिहिलं की दोघं एका सतरंजीवर बसले आणि वाट मोकळी झाली.

तुम्हाला वाटलं असेल, हेच ते खोटं. नाही. हे तर कागदावरचं होतं. याच्यासाठी मी एवढी वर्षं गप्प बसले नसते.

संमतीचा मजकूर इंग्रजीत आला होता. प्रिंटरमध्ये संस्थेचं लेटरहेड होतं, त्यावरच तो निघाला आणि हाताच्या सवयीने मी खाली गोल शिक्का मारला. आमच्याकडे गोल शिक्क्याचा कागद म्हणजे सरकारी, पक्का कागद, हे मला ठाऊक नव्हतं का? गंगाधरजींना मी खरं ते सांगितलं — माझ्या ट्रेनिंगसाठी आहे. त्यांनी हसत सही केली. मग मी बाईंकडे गेले. त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला, शिक्का पाहिला, दिराची सही ओळखली. म्हणाल्या, "म्याडम, म्हंजे भाऊजीनं वाटीसाठी सही देली का?"

स्वाध्याय पाठवायला रविवार शेवटचा दिवस होता. परतीची एसटी अर्ध्या तासात होती. खरं सांगितलं असतं तर त्या नाराज झाल्या असत्या, कदाचित सही केली नसती — आणि मी म्हणाले, "हो. दिली सही."

त्यांनी घाईघाईने सही केली, मला चहा पाजला. झेरॉक्स मागितली, तीही मी पाठवून दिली.

आठवडाभरात त्यांनी बंडी भरली आणि धुऱ्यावर नेली. काट्या स्वतः बाजूला केल्या. गंगाधरजी आडवे आले. बाईंनी कागद काढला. गावच्या मास्तरांनी चारचौघांत तो वाचून दाखवला आणि लोक हसले — बाईने तर गोष्ट लिहायची परवानगी आणली! मला निरोप आला. मी गेले. सगळे जमलेलेच होते. बाई माझ्याकडे वळल्या. "तुमीच सांगा ना यायले, काय बोलल्या होत्या तुमी मले."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग गंगाधरजींकडे पाहिलं. आणि म्हणाले, "बाई, तुमचा गैरसमज झाला."

कागदाची घडी घालून बाईंनी तो कमरेला खोवला. त्या वर्षीचा सगळा कापूस त्यांनी गाठोडी बांधून, नाल्याच्या वळशाने, डोक्यावरून काढला.

मला प्रमाणपत्र मिळालं, शेराही चांगला मिळाला. जंगलपट्ट्यात मी वर्षभर काम केलं आणि पुढे स्वतःच इतरांना शिकवायला लागले. कित्येक वर्ग घेतले. 'गैरसमज कसे होतात' हा धडा आला की मी एका बाईचं उदाहरण द्यायचे — शिक्का पाहून भुललेल्या. वर्ग हसायचा. मीही हसायचे. चांगलं सांगायचे मी ते, अगदी रंगवून.

बऱ्याच वर्षांनी समुद्रपूरच्या स्टँडवर कौशल्याबाई भेटल्या. त्यांनीच मला ओळखलं, सरकून बाकावर जागा दिली. वाट पुढे कधीतरी सुटली होती, गंगाधरजींच्या मुलाने सोडली. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग माझ्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "म्याडम, तवा माह्यं चुकलं. मले इंग्रजी येत नाई, मीच काहीबाही आयकलं असन. तुमाले चार लोकायत उगाच मान खाली घालाची पाळी आनली. मनात ठेवू नोका."

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एसटी अजून लागायची होती. आसपास आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "जाऊ द्या बाई, होतं असं." मी त्यांना माफ केलं.