अर्थ सांगा, नाहीतर उचला

हे कोणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. आमच्या बैठकीच्या खोलीत दर रविवारी इंग्रजी अक्षरांच्या ठोकळ्यांचा डाव बसतो, आणि त्याची शपथच आहे: खेळातलं खेळातच राहील. पण किस्से कुठे ऐकतात! इथे रायपूरला सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी रोज पुसली तरी खिडकीत जमतेच, तसे ते जमत जातात. आता माझ्याच्याने पुसवत नाही.

खेळायला चौघं असत. बाबा, त्यांच्या ऑफिसातले बोंद्रे काका, शेजारचे शुक्ला सर आणि माझी ताई. मी खेळत नसे. जाडा शब्दकोश मांडीवर घेऊन दाराजवळ बसायचे. कोणी शंका घेतली की शब्द शोधायचा आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. त्यापलीकडे चारचौघांत माझा आवाज निघतही नसे.

एक्स, झेड, क्यू ही महागडी अक्षरं. ती हातात आली की लांबलचक शब्द लागत नाही. दोन-तीन अक्षरांतच माणूस मालामाल!

*

एकदा बोंद्रे काकांनी ‘झो’ लावला. मी म्हणाले, “आहे.”

“अर्थ?” शुक्ला सरांनी विचारलं.

“असंन काहीतरी!” काका म्हणाले.

यावरून इतकं भांडण झालं की शेवटी नियमच निघाला. शब्द लावणाऱ्याने अर्थ सांगायचा, वर आपल्या घरातलं किंवा ऑफिसातलं एक वाक्य द्यायचं. नाहीतर ठोकळे उचलायचे. त्या दिवशी मात्र ताईनेच शब्दकोशातून काकांना अर्थ वाचून दाखवला. झो म्हणजे अर्धा याक, अर्धी गाय.

काका लगेच म्हणाले, “मंग हे घ्या वाक्य. आमच्या ऑफिसात अर्धे भोपाळहून आलेले, अर्धे इथलेच. दूध कोणीच देत नाही!”

*

शुक्ला सरांनी क्यूचा शब्द लावला, तोही पुढे यू नसलेला. ‘कात’, पण आपल्या विड्यातला नव्हे. अरबस्तानात लोक ही पानं चघळतात म्हणे.

“वाक्य?”

“हमारे प्रिंसिपल साहब मुँह में कुछ डाले बिना दस्तख़त नहीं करते!”

मग सर हळूच म्हणाले, “ये बात बाहर न जाए.” सरांची बदली प्रिन्सिपलांच्याच सहीवाचून अडली होती.

*

बाबांनी ‘फिक्स’ लावला. “अर्थ, नक्की. वाक्य, या वर्षी माझी बढती फिक्स आहे.”

नवं राज्य झालं तेव्हा बाबा भोपाळ सोडून रायपूरला आले ते याच आशेवर. नवी राजधानी, नव्या खुर्च्या. खुर्च्या आल्या, पण त्यांवर बसायला माणसं वरून आली.

बोंद्रे काका म्हणाले, “काहून खोटं बोलून राहिला बे मनोहर? वाक्य घरातलं पाहिजे, सपन्यातलं नाही!”

सगळे हसले. बाबांनी ठोकळे उचलले.

*

‘ऑक्स’ म्हणजे बैल, हे तर सगळ्यांना येतं. पण त्या दिवशी बाबांना वाक्य सुचेना. आई चिवडा घेऊन आली होती. ती उभ्या उभ्या म्हणाली, “मी सांगते. नागपूरहून भाऊजींचा फोन आला की आमच्या घरी एक जण नुसती मान हलवतो!”

बोंद्रे काकांना ठसका लागला. बाबाही हसले, पण थोडं उशिरा. कारण मोठ्या काकांचा, म्हणजे बाबांच्या नागपूरच्या भावाचा, फोन तेव्हा रोजच येत होता. ताईसाठी स्थळ आणलं होतं त्यांनी.

*

ताईला हैदराबादला जाऊन इंग्रजीत एम.ए. करायचं होतं. तिने एका रविवारी सगळ्यांसमोर विषय काढला. बाबा रंगात होते. म्हणाले, “मला एकदा हरवून दाखव, मग जा खुशाल!”

ताई कामाला लागली. पोळ्या लाटताना एक्सचे शब्द, कपडे वाळत घालताना झेडचे. मला अर्थ विचारायला लावायची. चुकली की स्वतःच्याच कपाळावर लाटणं मारून घ्यायची.

मग झालेल्या डावात बाबांनी अगदी शेवटी झेड खपवायला एक शब्द लावला. ताई म्हणाली, “शंका.” बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पान दोनदा तपासलं.

“नाही.”

“पोट्टी गेली हैदराबादले!” बोंद्रे काकांनी टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी ताई अर्ज घेऊन सहीसाठी उभी राहिली. बाबांनी पेपर खाली केला नाही.

“खेळातलं खेळातच,” ते म्हणाले.

*

ताई आता बिलासपूरला असते, सासरी. बिलासपूरच्या स्थळाच्या वेळी बाबांनी शब्दकोश आधीच कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. का, ते कळायला त्याआधीचं, मोठ्या काकांनी आणलेलं पहिलं स्थळ ऐका.

मुलगा सिलतऱ्याच्या कारखान्यात इंजिनियर. तो आणि त्याचे आईवडील आले होते. आपल्या बाजूचं माणूस असावं म्हणून बाबांनी बोंद्रे काकांना बोलावलं होतं. बाबांनीच कौतुकाने सांगितलं की मुलगी इंग्रजी शब्दांचा खेळ खेळते.

मुलाचे वडील म्हणाले, “अरे वा! दाखवा ना बेटा एखादा शब्द.”

ताईने फळीवरचा ठोकळ्यांचा डबा उतरवला. चहाच्या ट्रेमध्ये, कपांच्या मधोमध, तीन ठोकळे मांडले. ‘निक्स’.

“मतलब?” मुलाच्या आईने विचारलं.

ताई बाबांकडे पाहत राहिली. बाबा म्हणाले, “निक्स म्हणजे... शुभ. शुभ कार्य.”

बोंद्रे काकांनी मान खाली घातली. डबा निघताच मी मांडीवर घेतलेला शब्दकोश मुलाच्या वडिलांना दिसला. “छोटी, जरा पढके सुनाओ तो.”

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पान उघडलं आणि वाचलं, “नकार. साफ नकार.”

“वाक्य?” काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

मी म्हणाले, “ताई हैदराबादला शिकायला जाणार आहे, असं बाबांनी याच खोलीत, सगळ्यांसमोर कबूल केलं आहे.”

 बोंद्रे काका कोणाकडेही न बघता म्हणाले, “मान्य!”

बाबांनी कप खाली ठेवला, ते उठून माझ्यापर्यंत आले आणि... हाक आली वाटतं. आले, बाबा, आले! डाव मांडून बसले आहेत. ताईची जागा रिकामी म्हणून हल्ली तिथे मला बसवतात. माझे ठोकळे काढून झालेत, त्यात आज एन, आय आणि एक्स आहेत, आणि मी ठरवलंय की...