पांढरं मलम आणि आचोळ्याचा गेरू

गोष्ट एकावन्न-बावन्न सालातली. सोपाऱ्याच्या मुलींच्या शाळेतून मुलाखतीचं पत्र आलं आणि मी घरभर नाचले. आईने पत्र दोनदा वाचून विचारलं, “स्टेशनपासून शाळा किती लांब?” माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग होते आणि उन्हात गेलं की ते काळवंडायचे. डॉक्टरांनी झिंकचं पांढरं मलम दिलं होतं. बाहेर पडण्याआधी रोज, न चुकता, चेहऱ्याला लावायचं. मी टाळाटाळ करायचे, कारण ते लावलं की मी थेट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायचे. आईने अटच घातली: रोज मलम लावणार असशील तर नोकरी, नाहीतर गिरगावातच शिकवण्या कर.

मुलाखत सोमवारी होती. मी शनिवारी सकाळीच निघाले, म्हणजे दोन दिवस फिरणंही होईल. ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण विमल सोपाऱ्याजवळच्या आचोळे गावची, मुक्काम तिच्याकडे. नोकरी लागली तर राहायचंही तिथेच ठरलं होतं. या बाजूला जाणार असाल तर खिडकीपाशी बसा. भाईंदरची खाडी ओलांडताना मी अक्षरशः अर्धी बाहेर होते! मे महिना, त्यामुळे मिठागरांत पांढऱ्या राशी लागलेल्या आणि त्यांच्यावरून ऊन असं परतत होतं की डोळे उघडवत नव्हते.

नालासोपाऱ्याला विमल उभीच होती. आधी शाळा बघू म्हटलं. रस्ता मोकळा, दोन्हीकडे भाताची सुकलेली खाचरं, सावली म्हणून नाही. टांगा मिळतो, पण चालत गेलात तर अर्ध्या तासात पोचाल. शाळा कौलारू, ठेंगणी, समोर विहीर. मला पाहताक्षणी आवडली. शिपाईमामांनी मात्र मलमाने पांढऱ्याफटक झालेल्या माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

“सोमवारच्या मुलाखतीच्या बाई का? एक सांगू? मोठ्या बाईंना पावडर चालत नाही. मागच्या बाईंना त्यांनी दारातूनच परत धाडलं.”

“पावडर नाही हो, औषध आहे.”

“त्या पण असंच म्हणाल्या होत्या.”

झालं! मलम लावलं तर शाळा जाणार आणि नाही लावलं तर आई पाठवणार नाही. रागाच्या भरात मी पदराने चेहरा खसाखसा पुसला आणि तशीच भर दुपारी आचोळ्यापर्यंत चालत गेले. शुद्ध मूर्खपणा. संध्याकाळी गाल तव्यासारखे तापले होते आणि मी विमलच्या पडवीत बसून रडले.

रविवारी सकाळी विमलची आई अंगणात तुळशीवृंदावनाला गेरू लावत होती. विमलने तिला सगळं सांगितलं. तिने हात न थांबवता माझ्या मलमाच्या डबीत डोकावून पाहिलं.

“आगो, भितीला नुसता चुना मारला तं डोल्यांना खुपनारच. थोरा गेरू घाल. मंग कोन बगतंय?”

मी नको म्हणायच्या आत तिने वाटीत मलम काढून त्यात चिमूट टाकली. पण ती चिमूट होती वृंदावनाच्या मापाची! विमलने आरसा समोर धरला आणि हसता हसता खालीच बसली. मी मारुतीच्या देवळातून पळून आल्यासारखी दिसत होते. विमलच्या आईलाही हसू आवरेना.

मग आम्ही जिद्दीला पेटलो. गेरू वस्त्रगाळ केला, नखाच्या टोकावर राहील इतकाच घेतला, कणभर हळद टाकली, खोबरेल तेलाचा एक थेंब घातला आणि तळहातावर मलमात घोटून घोटून एकजीव केला. चेहरा धुऊन, जरा ओलसर असतानाच गालांवर, नाकावर, कपाळावर ठिपके दिले आणि बोटांनी थापत पसरवले. चोळायचं नाही, हे विमलच्या आईने बजावून सांगितलं. दोन भाकऱ्या होईपर्यंत आम्ही थांबलो. आरशात मी होते, माझ्याच रंगाची, आणि डाग निम्मे झाकलेले. मला उडी मारावीशी वाटली आणि मी मारलीही.

परीक्षा म्हणून दुपारी बैलगाडीने वटार गावाला गेलो. रस्त्याला धक्के फार, पण शेवटी केळीच्या वाड्यांतला गारवा लागला की सगळं विसरायला होतं. तिथली सुकेळी जरूर खा, वाळवलेली केळी इतकी गोड असतात हे मला माहीत नव्हतं. वाडीतल्या बाई घडांना वाळक्या पानांत गुंडाळत होत्या. ऊन लागलं की केळ्यांची साल करपते म्हणे, म्हणून रोज एक फेरी मारून सुटलेलं पान पुन्हा बांधायचं. तासभर त्या माझ्याशी बोलल्या आणि चेहऱ्याबद्दल एक अक्षर निघालं नाही. घामाने नाकावरचं मलम मात्र उतरलं. तेव्हापासून दुपारी पुन्हा एक हात लावायचा, हे मी शिकले.

सोमवारी मोठ्या बाईंनी मला उजेडाकडे तोंड करून बसवलं.

“चेहऱ्याला काही लावता?”

“हो. उन्हाचं औषध लावलंय.”

“दिसत तर नाही.”

“दिसणार नाही असंच लावलंय, बाई.”

त्या म्हणाल्या, “जूनपासून या. पहिला तास भूगोलाचा.”

आज त्या वाटेवर इमारती आहेत, ती खाचरं तुम्हाला सापडायची नाहीत. गेरूही घोटत बसू नका, रंग मिसळलेली मलमं आता दुकानात मिळतात. आमच्या डॉक्टरांनी तेव्हा हरकत घेतली नव्हती, मलम मात्र कमी पडू देऊ नका म्हणाले होते. त्या सवयीने मी तीस वर्षं उन्हातून शाळेत गेले, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

मुलाखतीच्या त्या संध्याकाळी गिरगावात जिना धावतच चढले. आईने दार उघडलं, माझा चेहरा डोळ्यांजवळ आणून पाहिला आणि सुरू झाली, “मलम न लावताच गेलीस ना? माहीत होतं मला! तीन दिवस सांभाळता येत नाही आणि म्हणे नोकरी करते!” मी उंबऱ्यात उभी राहून तिची सगळी बोलणी शेवटपर्यंत ऐकली. मग तिचं बोट धरून माझ्या गालावरून फिरवलं आणि बोटाला लागलेलं मलम तिला दाखवलं.