गुडघ्याखालचा टॉवेल

बायको गेली तेव्हा माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला फार दिवस झाले नव्हते. ती मी तिच्याच आग्रहाने करून घेतली होती. नंतर सांगितलेला व्यायाम इतका साधा, की त्याला व्यायाम म्हणायची लाज वाटावी. पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलाची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, जरा वेळ धरायचा, सोडायचा. 'धरा' आणि 'सोडा' बायको म्हणायची. 'सोडा' म्हणायला मुद्दाम उशीर करायची.

व्यायाम चुकवला तर मांडी सुकेल आणि काठी कायमची हातात येईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण आमच्या नांदेडच्या घरात दुखवट्याची सतरंजी पसरली आणि भोकरहून आलेल्या थोरल्या चुलतभावाने टॉवेल उचलून ठेवला.

"घरची लक्ष्मी गेली अन् तू मांड्या कमावून राहिला का? लोक काय म्हणतील? तेरावं तर होऊ दे."

मांडीला तेरावे कळत नाही. मी टॉवेल परत घेतला, पायांवर चादर ओढली आणि भेटायला येणाऱ्यांसमोरच व्यायाम सुरू ठेवला.

अडचण एवढीच, की मांडी आवळली की दातही आवळले जात, डोळे मिटत. समोरची माणसे गलबलून जात. "रडा सर, मोकळे व्हा." मी पाय सोडला की चेहरा सैल पडे. "लई सोसून राहिले," असे कुजबुजत ती उठत. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचे नसते, म्हणून मुकाट्याने जात आणि बाहेर बोलत. माझ्या दुःखाची ख्याती अशी पसरली, की लातूरहून जीप भरून माणसे आली. खरे तर मला तोवर रडूच आले नव्हते.

मग किल्लारीची मेव्हणी आली. ती माझ्या तोंडाकडे नाही, चादरीकडे पाहत होती.

"दाजी, जोर लावून राहिले का?"

चुलतभाऊ खाकरला.

"तुम्ही गप बसा हो. हे लवकर सोडतेत, असं ताईनं सांगितलं व्हतं मला. हं दाजी, धरा."

मी धरले. ती थांबली. बहिणीइतकीच थांबली.

"सोडा."

पाय सोडला. चेहरा मात्र सैल होईना.

"सोडा की आता," ती म्हणाली. मग चादरीखालचा पाय केव्हाच सैल पडलाय हे पाहून तिने डोळ्यांना पदर लावला.

चुलतभाऊ दारातल्या पाहुण्यांना समजावत होता, "काही न्हाई, या, बसा. व्यायाम चालू हाय त्याचा."